कोरडा दौरा

राष्ट्राध्यक्ष कुठे जाणार हे आधी कुमुदला कळायचं, मग पावसाला, आणि सगळ्यांत शेवटी लोकांना. पावसालाही ते कळवलं जातं, याचा पत्ता मात्र कुमुदला बरीच वर्षं नव्हता.

मेरवा हे हिंदी महासागरातलं एक लहानसं बेट-राष्ट्र. दीड-दोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडची माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर राबायला गेली आणि तिथलीच होऊन राहिली. उसाची जागा व्हॅनिलाने घेतली, गोरे मळेवाले गेले, देश स्वतंत्र झाला. दर रविवारी सकाळी मेरवा नभोवाणीवरून 'राष्ट्राध्यक्षांचा आठवडा' वाचला जाई. सोमवारी अमुक पुलाचं उद्घाटन, बुधवारी तमुक देशाच्या राजदूताची भेट, आणि शेवटी एकदोन निवेदनं. कोणाचं अभिनंदन, कोणाला श्रद्धांजली. या सगळ्याचा मजकूर लिहायची कुमुद जांभळे. राष्ट्राध्यक्षांची कार्यक्रम सचिव. चाळिशीची, कामात पक्की. भाषा अशी सरकारी, की वाचणाऱ्याला घाम फुटू नये आणि ऐकणाऱ्याला काही कळू नये.

दोन वर्षांपूर्वी स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी वादळ बेटावर येऊन थडकलं होतं. राजधानीत मात्र संचलन थाटात झालं. कुमुदची सासू तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्याकडे राहायला आली होती. तिला सगळे आत्ये म्हणत. एका डोळ्याला पट्टी बांधून आत्येने टीव्हीवर संचलन पाहिलं आणि म्हणाली, "काय गो नशीब या माणसाचं! ढगसुद्धा याला बघून बाजूला होतात."

त्याच सकाळी राजधानीमागच्या तामण खोऱ्यात डोंगर खाली आला. आत्येच्या गाई तिच्यामागे उपाशी राहू नयेत म्हणून कुमुदचा नवरा मोरेश्वर तिथे गेला होता. गोठ्यासकट गेला. वाडीतली निम्मी घरं गेली.

शोकनिवेदन लिहायचं काम अर्थातच कुमुदचं होतं. तिने रजा घेतली नाही. कार्यालयात येऊन लिहिलं: 'निसर्गाच्या या कोपापुढे आपण सारे असहाय आहोत. मृतांच्या कुटुंबीयांच्या दुःखात मी सहभागी आहे.' राष्ट्राध्यक्ष विश्वंभर रेडीज यांनी ते नभोवाणीवर वाचलं. त्यांचा आवाज चांगला होता, योग्य जागी किंचित कापला.

त्यानंतर आत्ये कुमुदकडेच राहिली. सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत दोघी विधवा. एकमेकींशी फारसं बोलत नसत, पण एकीवाचून दुसरी जेवत नसे.

*

खरं काय ते एका फोनने कळलं. वर्षा-नियोजन केंद्र दर आठवड्याला कार्यक्रम पक्का झाला का म्हणून विचारायचं. कुमुद समजायची, हवामानाचा अंदाज द्यायला विचारतात. त्या दिवशी फोनवर नवीन मुलगी होती.

"बाई, गुरुवारचं बंदरावरचं भाषण नक्की आहे ना? म्हणजे आम्ही ढग तामणवर सोडायला घेऊ."

"तामणवर?"

"हो, नेहमीसारखे."

कुमुदने फोन ठेवला, पर्स उचलली आणि टेकडीवरच्या केंद्रात जाऊन उभी राहिली. तिथले प्रमुख डॉ. इब्राहिम परकर तिला समारंभांमुळे ओळखत होते. त्यांनी चहा मागवला.

"ढग वळवता तुम्ही?" कुमुदने विचारलं.

परकरांना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला ठाऊक नाही? तुमच्याच कार्यक्रमावर तर आमचं यंत्र चालतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचा विषय होता, त्यामुळे सांगताना ते थोडे खुललेही.

"ढगातल्या पाण्याचा थेंब व्हायला त्याला धरायला काहीतरी लागतं. मिठाचा कण, धुळीचा कण. कण मोजके आणि जाड असले, की एकेका कणाभोवती भरपूर पाणी जमतं. थेंब जड होतो, पडतो. पण कण अतिशय बारीक आणि अमाप असले, तर तेच पाणी सगळ्यांत वाटलं जातं. पडण्याइतका जड एकही थेंब होत नाही. ढग पाणी पोटात घेऊन तसाच पुढे सरकतो. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांतून आम्ही बारीक मीठ फवारतो, की राजधानी कोरडी. पुढे डोंगरावर विमानांतून जाड मीठ सोडतो, की तिथे सगळं एकदम खाली."

"समुद्रातच का नाही पाडत?"

"साधा ढग असला तर पाडतो. वादळाचा ढग समुद्रावर रिकामा केला, तर तो समुद्रातूनच पुन्हा भरतो. त्याला जमिनीवर आणूनच रिकामा करावा लागतो. वारा इथे पूर्वेकडून. आधी राजधानी, मग तामण, मग पलीकडे सोनवली. पाऊस नाहीसा करता येत नाही, बाई. एकाच्या डोक्यावरचा दुसऱ्याच्या डोक्यावर, एवढंच. शेती, धरणं, सगळ्यांचे अग्रक्रम यंत्रात भरलेले आहेत. पहिला अग्रक्रम राष्ट्राध्यक्षांच्या जाहीर कार्यक्रमाला."

"स्वातंत्र्यदिनाला तेच केलंत?"

परकरांनी कप खाली ठेवला. तिचा नवरा तिथे गेला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

"त्यांना माहीत होतं?" कुमुदने विचारलं.

"आदल्या दिवशी मी स्वतः भेटलो होतो. डोंगर आधीच भिजलेला आहे, आणखी पाणी पेलणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, संचलन कोरडं होईल ना?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, होईल."

चहा न घेता कुमुद उठली.

*

घरी आत्ये पावटे सोलत बसली होती. कुमुदने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आत्ये ना ओरडली, ना रडली. हातातली शेंग सोलून झाल्यावर तिने विचारलं, "त्या रेडीजाचं नवं घर कुठे बांधलंय म्हणालेलीस?"

"सोनवलीला. मळ्याच्या वर, डोंगर कापून."

"म्हणजे तामणच्या पलीकडे."

"हो."

"मग लिही ना त्याला तामणला पाठवून. पाऊस पुढे जाईल. तूच लिहितेस ना सगळं?"

कुमुद बसली. हा विचार टेकडी उतरतानाच तिच्या डोक्यात आला होता. आत्येच्या तोंडून ऐकल्यावर तो एखाद्या घरगुती कामासारखा सोपा वाटला.

रेडीजांनी नुकतंच मोठ्या डौलात जाहीर केलं होतं, की आपल्या खासगी मालमत्तेला कोणतंही सरकारी संरक्षण नको. ते निवेदनही कुमुदनेच लिहिलं होतं. तेव्हा सोनवलीच्या घराला यंत्रात काहीच अग्रक्रम नव्हता.

"पण आत्ये, खाली मळ्यातली माणसं राहतात. चाळी आहेत त्यांच्या."

"तामणला काय डुकरं राहत होती?"

"मला त्याचं घर हवंय. माणसं नकोत."

"मला दोन्ही चालेल," आत्ये म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

 काही दिवसांनी कुमुदने वाट काढली. कार्यक्रम लिहिण्यात तिचा हात धरणारं देशात कोणी नव्हतं.

*

पुढच्या वादळाची चाहूल लागली तेव्हा निवडणूक तोंडावर होती. कुमुद कागद घेऊन रेडीजांसमोर गेली. ते केस रंगवून घेत होते. मानेभोवती टॉवेल, समोर आरसा.

"तामणला जावं असं सुचवते, साहेब. सरकारने बांधलेल्या नव्या घरांच्या चाव्या तुमच्या हस्ते द्याव्या. शिवाय सोनवलीच्या मळ्यांतल्या सगळ्या कामगारांना, बायका-मुलांसकट, त्याच दिवशी तिथे बोलवावं. बसगाड्या पाठवू, जेवण देऊ. तुमच्या शेजारची माणसं तुम्ही विसरला नाहीत, असं दिसेल."

"वा! पण हवेचं काय?"

"केंद्र आहे ना, साहेब."

आरशात रेडीज हसले. "आहे खरं. आणि त्या दिवशी राजधानीत?"

"निवासस्थानाच्या बागेत फुलांचं प्रदर्शन. तुमच्याच नावाने."

तेही कोरडं राहायला हवं होतं. राजधानी कोरडी, तामण कोरडं. मग उरत होती फक्त सोनवली.

रेडीजांनी सही केली. कागद परत देताना आपुलकीने विचारलं, "तुमचं सासर कुठलं हो, कुमुदताई?"

"तामणचं."

"अरे वा! मग तर छानच झालं. घरचं कार्य."

कुमुद म्हणाली, "हो." तोवर तिच्या मनात कुठेतरी, कागद मागे घ्यावा, असं अधूनमधून येत होतं. त्यानंतर आलं नाही.

*

तामणला मोठा मांडव घातला होता. पूर्वेकडून काळेशार ढग डोंगराला घासत चालले होते, पण खाली टिपूसही नव्हता. सोनवलीहून बसगाड्या भरभरून आल्या. चाळींत माणूस राहिला नाही, याची कुमुदने मुकादमाला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. नव्या घरांत ज्यांना जागा मिळणार होती त्या वाडीकरांच्या पहिल्या रांगेत आत्ये बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. ती रेडीजांकडे पाहत नव्हती. त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगराकडे पाहत होती.

भाषण नभोवाणीवरून थेट जात होतं. चाव्या वाटणं सुरू व्हायचं तेवढ्यात रेडीजांच्या साहाय्यकाने धावत येऊन त्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते ध्वनिक्षेपकापासून बाजूला झाले आणि कुमुदला जवळ बोलावलं.

"आई सोनवलीला आहे."

"त्या निवासस्थानी असतात ना?"

"सकाळी गेली. नव्या घराला पडदे लावायचे म्हणून. कोणाला न सांगता. घाटात रस्ता वाहून गेलाय, या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पाऊस सोनवलीवर का जातोय? कोणी पाठवला तिकडे?"

 म्हातारीला कुमुद ओळखत होती. दिवाळीला कार्यालयातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करंज्या वाढणारी बाई. तिने ठरवलेल्यात ही बाई नव्हती.

रेडीजांनी केंद्राला फोन लावला आणि ओरडले, "परकर, थांबवा! ताबडतोब!"

परकरांचा आवाज कुमुदलाही ऐकू येत होता. "साहेब, तोंडी हुकूम यंत्र घेत नाही. आवाजाची नक्कल कोणीही करतं म्हणून तो नियम तुम्हीच केलात. कार्यक्रम रद्द झाला तरच अग्रक्रम सुटेल, आणि त्याला कुमुदबाईंच्या पंजाचा ठसा लागतो."

"तर कोणता रद्द करू?"

"तामणचा केलात तर सगळं तुमच्या डोक्यावर येईल. डोंगराखाली हजारो माणसं आहेत. राजधानीचा करा. मोठा ढग अजून किनाऱ्यावर आहे, तिथेच उतरवता येईल. शहर आहे, गटारं आहेत, पक्की घरं आहेत. लोक भिजतील, नुकसान होईल, पण जीव जाणार नाहीत. मात्र लवकर करा. ढगांच्या पुढच्या फळ्या सोनवलीला पोचल्यात."

रेडीज कुमुदकडे वळले. "राजधानीचा रद्द करा."

पंजा टेकवायचं लहान यंत्र कुमुदच्या गळ्यात अडकवलेलं असे. तिने ते हातात घेतलं.

"करते. कारण काय देऊ?"

"कसलं कारण?"

"कार्यक्रम रद्द झाला की कारणाचं निवेदन करावं लागतं, साहेब. तुम्हीच करता. ध्वनिक्षेपक चालू आहे."

"काहीही द्या! तांत्रिक कारण म्हणा!"

"तांत्रिक कसं म्हणू? मोरेश्वरच्या वेळी तुम्ही निसर्गाचा कोप म्हणाला होतात."

"कोण मोरेश्वर?"

 मागून आत्ये कधी उठून आली होती कुणास ठाऊक.

"माझा मुलगा," आत्ये म्हणाली.

रेडीजांनी दोघींकडे पाहिलं. आळीपाळीने, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. माणूस हुशार होता. पाऊस सोनवलीला कोणी पाठवला, हे त्यांना आता विचारावं लागलं नाही.

"तुम्हाला फासावर देईन मी," ते हळू आवाजात म्हणाले.

"द्या. पण आधी लोकांना सांगा. स्वातंत्र्यदिनाला काय झालं ते. परकरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं, तेही."

"ती ऐंशी वर्षांची आहे!"

"मग वेळ घालवू नका."

रेडीज ध्वनिक्षेपकाकडे गेले. सवयीने त्यांनी आवाज लावला. "बंधुभगिनींनो, काही तांत्रिक अडचणींमुळे..." त्यांनी मागे वळून पाहिलं. कुमुदचा हात यंत्रापासून वीतभर दूर होता. आत्येने तिचं मनगट धरलं होतं.

"त्याला सोडू नकोस," आत्ये पुटपुटली. "अजून नाही."

पलीकडच्या डोंगरामागून आवाज यायला लागला. तामणच्या लोकांनी तो आवाज पूर्वी ऐकला होता. पहिल्या रांगेतली माणसं उभी राहिली.

तेव्हा रेडीज बोलायला लागले. आधी अडखळत, मग भराभर, कुठलीही शैली न सांभाळता. ढग वळवले जातात. माझ्यासाठी वळवले जातात. त्या दिवशी संचलनासाठी पाऊस इथे पाडला. हा डोंगर पेलणार नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. मी विचारलं, संचलन कोरडं होईल ना. इथे जी माणसं गेली ती निसर्गाने नेली नाहीत.

 परकर फोनवर नुसते "बाई, बाई" म्हणत होते.

"झालं!" रेडीज कुमुदकडे वळून किंचाळले. "सगळं सांगितलं! आता टेकव हात!"

कुमुद त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. केसांचा काळा रंग घामाबरोबर कानशिलावरून ओघळत होता, खालचा ओठ लोंबत होता. मोरेश्वर गेल्याचं कळलं तेव्हा तिने आरशात स्वतःचा चेहरा पाहिला नव्हता. तो असाच दिसला असेल का, असं तिच्या मनात आलं. आणि आणखी थोडा वेळ पाहावंसं वाटलं. पाहिलंही.

मग आत्येची पकड सैल झाली. कुमुदने पंजा टेकवला.

*

त्या दुपारी राजधानीत असा पाऊस झाला, की तिथल्या तरुण मुलांनी तसा कधी पाहिलाच नव्हता. फुलांचं प्रदर्शन वाहून गेलं, निवासस्थानाच्या तळघरात पाणी शिरलं, बाजारपेठेत गुडघाभर पाण्यातून लोक चपला हातात घेऊन चालले. माणूस एकही दगावला नाही. सोनवलीच्या घराची मागची बाजू डोंगरासकट खाली गेली. राष्ट्राध्यक्षांची आई आणि राखणदार जिन्यावर अडकलेले सापडले. म्हातारीचा हात मोडला होता. नंतर तिने मुलाला भेटायला नकार दिला, असं ऐकिवात आलं.

त्या रविवारी 'राष्ट्राध्यक्षांचा आठवडा' वाचला गेला नाही, कारण राष्ट्राध्यक्षच उरले नव्हते. रेडीजांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. केंद्राचा कारभार संसदेने आपल्याकडे घेतला. कोणत्या खोऱ्याचा पाऊस कुठे जाणार, हे आता आठवडाभर आधी सगळ्यांना सांगावं लागतं आणि त्यावरून गावागावांत भांडणं होतात. परकर निवृत्त झाले. आत्ये तामणच्या नव्या घरात राहायला गेली, तिने दोन गाई घेतल्या.

कुमुदची चौकशी तीन न्यायमूर्तींच्या आयोगापुढे झाली. मळ्यातल्या माणसांना आधीच हलवलं, ही गोष्ट तिच्या बाजूने जात होती. बाहेर लोक तिच्या नावाने घोषणा देत होते. वकिलाने तिला चार वेळा बजावलं होतं, की शेवटचा प्रश्न पश्चात्तापाचा असेल. मान खाली घालायची, 'होतो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. सहा महिन्यांवर शिक्षा होणार नाही.

मधल्या खुर्चीवरच्या न्यायमूर्ती ओसवाल नावाच्या शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "राष्ट्राध्यक्षांचं बोलणं संपल्यावरही तुम्ही लगेच हात टेकवला नाहीत. ध्वनिमुद्रणात ते स्पष्ट आहे. त्या वेळात एका वृद्ध स्त्रीचा जीव जाऊ शकला असता, हे तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग का थांबलात?"

"मला ते बघायचं होतं."

वकिलाने डोळे मिटले. ओसवालबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला पश्चात्ताप होतो का, कुमुद जांभळे?"

"होतो," कुमुद म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "ते फार लवकर बोलले."

टिपून घेणाऱ्या लिपिकाचा हात थांबला. आपण बरोबर ऐकलं का, अशा नजरेने त्याने वर पाहिलं. कुमुदने त्याच्यासाठी ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.